वरचा होज

बर्फ वितळलं की आमच्या सारी-ताश गावच्या ड्रायव्हरांना एकच खाज सुटते. इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकायचा. का, तर तालदिकचा घाट चढताना गाडी उकळते आणि सगळा दोष त्या पितळी डबीचा! माझं गॅरेज आहे, सांगून सांगून घसा बसला. अरे, ते दार आहे. इंजिन गार असलं की ते मिटलेलं राहतं, पाणी आतल्या आत फिरून तापतं. पुरेसं तापलं की डबीतलं मेण फुगतं, दार उघडतं आणि पाणी वरच्या होजमधून, त्या जाड रबरी नळीतून, रेडिएटरकडे गार व्हायला जातं. दार अडकलं तर गाडी उकळेल, मग नवं बसवा. पण दारच काढलंत तर थंडीत इंजिन तापणार कसं, आणि हीटर ऊब कुठून आणणार? पालथ्या घड्यावर पाणी.

माझा मेव्हणा एशिम त्यातलाच. "दादा, घाटात हिला मोकळा श्वास लागतो," म्हणाला, आणि आपल्या जुन्या रशियन जीपचा थर्मोस्टॅट काढून त्याने आरशाला ताईताशेजारी टांगला. थंडीआधी बसवतो म्हणाला, ते राहून गेलं. पहिल्याच हिमवादळात तो घाटाच्या माथ्यावर अडकला. आम्हाला सापडला तेव्हा पेट्रोलची टाकी कोरडी होती, बॉनेट उघडं होतं आणि तो ओणवा होऊन दोन्ही हातांनी वरचा होज धरून थिजला होता. अख्ख्या गाडीत तेवढीच जागा कोमट राहिली असणार. त्याचे हात सुटेनात, म्हणून मी होजच कापला. त्याची बायको, माझी धाकटी बहीण बुरूल, तेव्हा पोटुशी होती.

जीप मी दुरुस्त केली. नवा होज घातला, नवा थर्मोस्टॅट बसवला. आरशाचा जुना मात्र बुरूलने काढू दिला नाही.

मार्चमध्ये तिला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. सुईणीने पोट चाचपलं आणि मला बाहेर बोलावलं. "मूल आडवं आहे. घाट उतरून गुलचाच्या दवाखान्यात ने. अंधार पडायच्या आत पोचला नाहीस तर दोन जीव जातील."

आभाळ निरभ्र होतं. बुरूल मागच्या सीटवर कोटात गुरफटून पडली होती. चढाला लागल्यावर माझं लक्ष आरशाकडे गेलं. टांगलेल्या थर्मोस्टॅटचं दार उघडं होतं. ते उघडायला उकळीच्या जवळचं पाणी लागतं, आणि आम्हा दोघांच्या तोंडातून तर वाफ निघत होती. कचरा अडकला असेल, म्हटलं.

माथ्याजवळ तापमानाचा काटा लालमध्ये गेला.

मी उतरून बॉनेट उघडलं. इंजिन फणफणत होतं आणि वरचा होज बर्फासारखा गार. म्हणजे दार मिटलेलंच राहिलं होतं. नवा माल कधी कधी खराब निघतो, त्यात नवल काही नाही. इंजिन निवल्यावर मी थर्मोस्टॅट बाहेर काढला आणि गाडीतल्या स्टोव्हवर चहाची किटली ठेवून त्यात टाकला. पाणी तापलं तसं दार छान उघडलं.

"दादा, किती वेळ?" मागून बुरूल कण्हली.

"झालंच बघ."

थर्मोस्टॅट खिशात घातला आणि ज्यांना जन्मभर शिव्या घातल्या त्यांच्यासारखाच दाराशिवाय निघालो. माथ्यावर दगडांचा ढीग आहे. तिथे आम्ही पाण्याचे कॅन ठेवतो. ज्याची गाडी उकळेल त्याने घ्यायचं, येताना भरून ठेवायचं. जेमतेम तिथवर पोचलो आणि काटा पुन्हा लालमध्ये.

एशिम इथेच सापडला होता.

पट्टा ठीक होता. पंप फिरत होता. पाणी अडवायला आता आत काही नव्हतंच. तरी होज गार. मी वाकून तो नीट पाहिला. नवाकोरा होज दोन ठिकाणी दबला होता. जवळ जवळ, मुठीएवढ्या अंतरावर. रबरावर बोटांच्या खाचा होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या आणखी खोल होत होत्या.

मी होज ओढला. हिसडला. पाना घेऊन ठोकला. खरं सांगतो, मी रडलो.

"दादा, बाजूला हो."

बुरूल उतरून आली होती. एका हाताने गाडीचं दार धरून उभी होती. होजकडे बघताना तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"अहो," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलंच नव्हतं. "सोडा ते. त्यात कसली ऊब?"

तिने कोटाची बटणं काढली.

"बुरूल, नको!"

"इकडे ठेवा हात."

ती शहारली. दात वाजले. मग तिने कोट मिटून घेतला, हळूच, आत काही असल्यासारखा.

होज फुगून गोल झाला. मी हात लावला तर पोळला.

त्यानंतर काटा हलला नाही. अंधार पडायच्या आत पोचलो. मुलगी झाली, दोघी वाचल्या. नर्स बाळाचे हात चोळत राहिली. "अंग गरम आहे हो हिचं," म्हणाली, "हातच तेवढे ऊब धरत नाहीत."

माझी भाची आता चुरूचुरू बोलते. उन्हाळ्यातही हातमोजे घालून असते. काल गॅरेजमध्ये मी एक गाडी उकळी येईपर्यंत तापवून बघत होतो. वळलो तर ही मोजे काढून स्टुलावर उभी, दोन्ही हातांनी वरचा होज धरून.

"अगं, सोड! पोळशील!" मी धावलो.

"दादा, इथे ऊब आहे," ती म्हणाली.

एरवी मला ती मामा म्हणते.