चढता आकडा

"उद्या अप्पा उपचार सोडून सल्लेखनेचा नियम घेणार," माधवनगरहून साताऱ्याला धावत आलेली ब्राह्मी म्हणाली. "अन्नपाणी सोडून देह ठेवणार, जयराजदादा."

तिच्या वडिलांना, धनपालअप्पांना, लिम्फोमा हा कॅन्सर होता. रक्तातल्या दोन तऱ्हेच्या पांढऱ्या पेशींचं एकमेकींशी प्रमाण चढलं की लक्षण वाईट. घरी असताना ते चढायचं, मिरजेच्या दवाखान्यात उतरायचं.

"मशीन बिघडलं असंल," जयराजचा सोबती, पलटणीतून निवृत्त झालेला धनाजी म्हणाला.

"दोन्ही वेळा मशीन एकच आहे, धनाजीकाका."

गावोगावची कोडी उकलणारा जयराज हसला.

ऊन कलताना तिघं माधवनगरला पोचले.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई," अप्पा म्हणाले. "भूक तर अशी खवळतीया! पण आमा जैनांनी दिवस मावळल्यावर खायाचं कसं?"

अप्पांचं दुकान आता पुतण्या भरतेशच्या हाती होतं. "काढ्याची गुळवेल मळ्यातनं मीच आणतो," तो म्हणाला. " मिरजेत काढाबी मीच पाजला. काकी घरी हुती."

"ह्योच गड्या! दुकान गिळायचंय," धनाजी कुजबुजला.

अप्पांच्या पत्नी गुणमालाकाकी वाटीत काढा ओतत होत्या. जयराजनं केमोसोबतच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचं विचारलं.

"त्या पाचच दिवस द्यायच्या. उरल्या त्या टाकल्या. त्या चालू असताना रक्त तपासायचं न्हाई, आकडा फसवा येतो, म्हणाले डॉक्टर."

भिंतीवर एका पोराचा फोटो होता. "आमचा सूरज," अप्पा म्हणाले. "तापानं गेला. वैद्य म्हणाला आशा न्हाई, मग मिरजेला न्यायचं मीच थांबवलं."

जयराजनं वाटी उचलली. "मी पिऊ?"

काकींनी झटकन वाटीवर हात ठेवला.

"झोप उडते, भूक खवळते, प्रमाण चढतं," जयराज म्हणाला. "तिन्ही त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची कामं. कडू काढ्यात कडू गोळी लपते. भरतेशनं पाजला तेव्हा आकडा उतरला. वेल तीच, हात वेगळा. आणि गोळ्यांनी आकडा फसवा होतो, हे कुणाला ठाऊक होतं? काकी, आत्ताच तुम्ही सांगितलंत."

"आई?" ब्राह्मी काकींकडं वळली.

"इख न्हाई घातलं मी," काकी शांतपणे म्हणाल्या. "आशा तेवढी काढून घेतली. ह्यांनी माझ्या लेकाची काढली, तशीच."

अप्पांनी फोटोकडं पाहिलं. "गुणे, मी उपचार घेतो. नियम न्हाई घेत."

"जगाच तुमी. सूरजसमोर बसून, रोज माझ्याच हातचं खाऊन जगा."

काकींनी काढा मोरीत ओतला, ताटात भाकरी-आमटी वाढून अप्पांपुढं सरकवली. धनाजीला वाटलं, कुणीतरी ते ताट उचलावं.

दिवस मावळायला थोडाच वेळ होता. अप्पांच्या पोटात आग पडली होती. हात मात्र मांडीवरून हलत नव्हता.