बल्लवाचं न उकळणारं पाणी

ही २०६३ सालची गोष्ट. शलाका पटवर्धन तेव्हा अकरा वर्षांची होती. आईच्या नोकरीमुळे रत्नागिरीचं बिऱ्हाड थेट ला पाझला हललं होतं. बोलिव्हियाचा राज्यकारभार चालतो ते हे शहर इतकं उंचावर, की दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी खालीच राहतील!

त्या दिवशी होळी होती. नव्या शाळेत शलाकाशी अजून कुणी फारसं बोलत नव्हतं. म्हणून तिने धीर करून वर्गाला सांगून टाकलं होतं, "दुपारी माझ्या घरी या, पुरणपोळी खायला!"

आणि सकाळी नऊ वाजता स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं, पण भिजवलेली डाळ अजून ताटातच!

"अरे बल्लवा, पाणी केव्हाचं खळखळतंय!"

"नाही, शलाकाताई," रत्नागिरीहून सोबत आणलेला स्वयंपाकी यंत्रमानव शांतपणे म्हणाला. "पाणी शंभर अंशांवर उकळतं. हे अठ्ठ्याऐंशीवरच अडलंय. तिसरं पातेलं आटलं."

शलाकाने वैतागून स्वतःच डाळ ओतली. तासाभराने दाणा चेपून पाहिला, तर खड्यासारखा! तिचे डोळे भरून आले.

"आजोबा, आता मी सगळ्यांना काय सांगू?"

आजोबा हवामानशास्त्रज्ञ. ते स्टूल ओढून चुलीपाशी बसले.

"आपल्या डोक्यावर हवेचा ढीग असतो, बाळा. त्याच्या वजनाने पडतो तो वायुदाब (हवेचा भार). पाण्याच्या कणांना वाफ होऊन उडायचं असतं, हवा त्यांना दाबून धरते. रत्नागिरीत हा ढीग पुरता आपल्या डोक्यावर. इथे आपण त्यातला बराचसा खाली सोडून आलोय. दाब कमी, म्हणून कण लवकर सुटतात. म्हणजे उत्कलनबिंदू (पाणी उकळण्याचं तापमान) खाली येतो."

"मग जाळ वाढवू?"

"वाढव. वाफ वाढेल, तापमान मात्र तेवढंच. डाळीला शिजायला ते पुरत नाही."

"म्हणजे माझी चूक नाही?" बल्लवाने विचारलं.

"तुझी नाही रे. तुला ज्यांनी समुद्रकाठी शिकवलं, त्यांना डोंगर आठवला नाही!"

शलाका डोळे पुसून विचारात पडली. "आजोबा, हवा दाबत नसेल, तर आपणच पाण्याला दाबलं तर? पण झाकण तर वाफ उडवून लावेल."

इतक्यात भिंतीपलीकडून फुस्स आवाज आला. रोज सकाळी येई तोच. ती धावत शेजारी गेली. सातुर्निना आजींच्या चुलीवर जाडजूड, घट्ट झाकणाचा कुकर फुसफुसत होता.

"एवढ्या उंचावर याच्याशिवाय शेंगा-दाणे शिजतात होय, पोरी?" आजी हसल्या. "आणि तुमचा कुकर कुठाय?"

"बल्लव आहे म्हणून रत्नागिरीलाच ठेवला!"

आजींनी आपलं सूप पातेल्यात काढलं आणि कुकर तिच्या हाती दिला. कोंडलेल्या वाफेने दाब वाढवला, पाणी शंभराच्याही वर तापलं आणि अर्ध्या तासात डाळ लोण्यासारखी मऊ झाली. दुपारी एकवीस मुलं जमिनीवर मांडी घालून बसली. तूप कोपरापर्यंत ओघळलं.

पुढे आजोबा रत्नागिरीला परतले आणि अखेरपर्यंत बंदरावरची हवा मोजत राहिले. सातुर्निना आजींनी प्रत्येक होळीला पुरण घातलं, वेलदोडा नसला तरी. शलाका मोठी झाल्यावर मंगळावरच्या वस्तीसाठी स्वयंपाकघरं आखू लागली. तिथली हवा तर इतकी विरळ, की उघड्यावर पाणी कोमटही न होता उकळतं. बल्लव तिच्याबरोबरच आहे. कुठेही नेलं तरी चूल पेटवण्याआधी तो एकच विचारतो, "शलाकाताई, इथे हवा किती?"