चिंगीच्या केसांतली काळी भुकटी

शेजारच्या शेळ्यांमध्ये लोळली तरी केतकीला काही होत नसे. पण स्वतःच्या चिंगीला मिठी मारली, की तिची छाती वाजू लागे. शेळी ती शेळीच. मग असं का?

आईला हे कोडं सोडवत बसायचं नव्हतं. परवा केतकीचा श्वास इतका अडकला, की दवाखान्यात वाफ द्यावी लागली होती.

"उद्या चिंगी बाजारात," आई म्हणाली. "शेळी दुसरी मिळेल, पोरगी नाही."

केतकीला भांडताही येईना. आई चुकीचं बोलत नव्हती.

दुपारी विभाआत्या आली. ती शहरात दम्यावर संशोधन करायची. तिच्या पिशवीत डबीएवढी प्रयोगशाळा असे.

"वहिनी, विकण्याआधी शेळीला विचारू तरी."

"ती काय सांगणार? बेंऽ?"

आत्याने केतकीच्या रक्ताचा थेंब डबीत सोडला. झाकणावर, हवेतच, चित्र उमटलं: गोल पेशी, अंगभर बारीक खुंट.

"या रक्षक पेशी. फुप्फुसातही अशा असतात. हे खुंट म्हणजे ग्राहक (बाहेरची खबर पेशीच्या आत पोचवणारे रेणू). त्यांवर बसलीत ती प्रतिपिंडं (शरीरानेच घडवलेले आकडे, एकेक आकडा एकेका परक्या पदार्थाच्या मापाचा). मापाचा पदार्थ अडकला, की पेशी त्याला शत्रू समजून रसायनं ओकते. श्वासनळ्या सुजतात, अरुंद होतात."

आत्याने चिंगीचा एक केस डबीत टाकला. पेशी रसायनं ओकत भराभर नारिंगी झाल्या.

"बघा," आई हळूच म्हणाली. केतकीने मान खाली घातली.

आत्याने रक्ताच्या नव्या थेंबात चिंगीचा दुसरा केस टाकला, पण आधी स्वच्छ पाण्यात धुऊन. पेशी गप्प राहिल्या. धुवणाचं पाणी मात्र काळपट झालं होतं.

"चिंगी दुपारी बसते कुठे गं?"

"कांदाचाळीखाली. गार असतं तिथं."

खालून वारा खेळावा म्हणून कांदे साठवायच्या या चाळीचा तळ उंचावर, बांबूच्या फटीफटींचा. वर कांदे निवडायचे, हाताने काजळी पुसायची. ती फटींतून खाली...

"आत्या! ही कांद्यावरची काजळी आहे!"

"तुम्ही काजळी म्हणता, पण ती बुरशी आहे. ही भुकटी म्हणजे तिचे बीजाणू (ज्यांपासून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण)."

धुवणाचा थेंब डबीत पडला. पेशी नारिंगी झाल्या.

"मग आईला का नाही होत?"

"ग्राहक तिच्याकडेही आहेत. पण तिच्या शरीराने या बुरशीच्या मापाचे आकडे घडवले नाहीत. तुझ्या शरीराने घडवले."

आईने उठून व्यापाऱ्याला फोन लावला. "शेळी नाही द्यायची हो. नाही, भावाचं काही नाही. द्यायचीच नाही."

मग आईनेच चिंगीला घासून घासून अंघोळ घातली, कोरडं केलं. आत्याने औषधाचा पंप हाताशी ठेवला. केतकीने चिंगीच्या गळ्यात हात टाकले. तिघीही कान देऊन ऐकत राहिल्या. श्वास आला, गेला, पुन्हा आला. इतका वेळ रोखलेला श्वास आईनेही सोडला.

"चाळीखाली आजच जाळी मारते," ती म्हणाली. "आणि कांदे निवडायला तू फिरकायचंही नाहीस."

"आत्या, माझ्या पेशींना शिकवता येईल? की हा शत्रू नाही म्हणून?"

"तेच चाललंय आमचं. बुरशीचा अगदी कणभर अंश देत देत शरीराला सवय लावायची. जमेल, पण वेळ लागेल."

"लागू दे," केतकी चिंगीच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. "आम्ही दोघी आहोत इथंच."