दुसऱ्या क्लिनिकमधला खांदा

“भैया, कमर से नहीं! घुटने मोड़िए, घुटने!”

ई-रिक्षातून पांढरा फळा उतरवणारा माणूस अर्धवट वाकलेला तसाच थांबला. प्रणिता रस्त्याच्या पलीकडे होती. अनोळखी माणसांवर ओरडायचं नाही, असं तिनं स्वतःला पुष्कळदा बजावलं होतं. पण फिजिओथेरपिस्टच्या समोर कुणी कंबरेतून वाकून ओझं उचललं की तोंड आपोआप उघडतं.

त्यानं निमूटपणे गुडघे वाकवले आणि फळा उचलला.

“पन्नाशीला रडत येतील,” ती मराठीत पुटपुटली.

“पन्नाशीला अजून वेळ आहे हो,” फळ्यामागून मराठीतच उत्तर आलं. “तोपर्यंत... मतलब, सुधारेन मी.”

जयपूरच्या बनी पार्कमधल्या त्या गेस्टहाऊसच्या दारात नोव्हेंबरचं कोवळं ऊन पडलं होतं. फळ्याच्या कडेवरून आधी चष्मा वर आला, मग हसू. प्रणिताचे कान तापले. तरी तिनं नजर वळवली नाही.

थोड्याच वेळात तोच फळा हॉलमध्ये उभा होता आणि त्याच्या शेजारी तोच माणूस. हा निनाद. मानसोपचारतज्ज्ञ. शहरातल्या फिजिओथेरपिस्टांना मानसोपचाराची प्राथमिक ओळख करून देणारा वर्ग दर शनिवारी सकाळी तो घेणार होता. प्रणिता पहिल्या रांगेत बसली. लाजून मागं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

वर्ग हिंदीत चाले. निनादनं फळ्यावर लिहिलं, ‘काही होत नाही’. आणि त्यावर काट मारली.

“दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटला हे सांगणं बंद करा. त्याला काहीतरी होतंय, म्हणूनच तो तुमच्याकडे आलाय.”

“मग काय म्हणायचं?” प्रणितानं विचारलं. “दुखतंय ना, मग घरी जा?”

वर्ग हसला. निनादही हसला.

“विचारायचं. ही हालचाल केली तर काय होईल, असं वाटतंय? आणि मग गप्प बसायचं.”

“किती वेळ?”

“तुम्हाला असह्य होईपर्यंत. आणि मग... अजून थोडा.”

हे सांगताना तो तिच्याकडे गरजेपेक्षा किंचित जास्त पाहत राहिला. निदान तिला तरी तसं वाटलं.

पुढच्या शनिवारी जोड्या लावल्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं हात मांडीवर ठेवून नुसतं ऐकायचं. प्रणिताच्या वाट्याला सतीश आला. सतीश मूळचा अकोल्याचा. जवाहर नगरमध्ये त्याचं स्वतःचं क्लिनिक होतं आणि यंत्रांवर त्याची अपार श्रद्धा होती. घरी सगळं कसं मजेत चाललंय ते तो सांगत होता, आणि प्रणिताचा हात हळूहळू त्याच्या खांद्याकडे निघाला होता.

“प्रणिताजी,” मागून निनादचा आवाज आला. “हात.”

“त्याचा खांदा बघा ना. तो म्हणतोय मजेत आहे, आणि खांदा म्हणतोय, नाही.”

सतीशनं आखडलेला खांदा खाली सोडला. मग हळूच म्हणाला, “बायको माहेरी गेलीय. भांडून.”

निनादनं सतीशकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“हे मला दिसलं नव्हतं,” तो म्हणाला. “पुन्हा एकदा दाखवाल?”

सगळ्या वर्गासमोर. अगदी सहज. प्रणितानं दाखवलं, पण दाखवताना तिचा आवाज नेहमीसारखा ठाम राहिला नाही...

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेले. मग दर शनिवारीच जाऊ लागले.

“ते ‘जी’ काढा आधी,” ती म्हणाली. “‘जी’ ऐकलं की मी कुणाची तरी मोठी मावशी आहे असं वाटतं.”

“सवय आहे हो. बाबांची बँकेतली बदली झाली तेव्हा मी लहान होतो. मराठी घरात बोलायची, बाकी सगळं इथलं. तुम्ही?”

“सांगली. इथं नोकरीला आले.”

“सांगलीत सगळेच असे रस्त्यात ओरडतात?”

“छे. काही जण याहून मोठ्यानं ओरडतात.”

तो इतका हसला की मातीच्या कुल्हडमधला चहा त्याच्या बुटावर सांडला.

तिच्या क्लिनिकमध्ये तेव्हा मधुमतीकाकू यायच्या. यजमान विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेले. जवळच्या चाकसू गावी शीतला मातेच्या जत्रेत काकू मंदिराच्या पायऱ्यांवर पडल्या आणि गुडघ्याची वाटी फुटली. हाड कधीच जुळलं होतं. गुडघाही छान वाकत होता. पण पायरी समोर आली की काकू खुर्चीत बसायच्या. आळस, असं प्रणितानं मनाशी ठरवून टाकलं होतं. “चला काकू, काही होत नाही,” असं ती रोज म्हणायची.

एका सकाळी तिनं ते वाक्य गिळलं.

“काकू, पायरीवर पाऊल टाकलं तर काय होईल, असं वाटतं?”

काकू बोलेनात. प्रणिता मांडीवर हात ठेवून बसून राहिली. असह्य झालं. मग अजून थोडं बसली.

“हे पुढं चालत राहिले गं,” काकू एकदम म्हणाल्या. “मी पडले. परकी माणसं थांबली. आणि यांची पाठ... नारळ घेऊन वर वर जात दिसेनाशी झाली.”

दुसऱ्या दिवशी प्रणितानं काकूंच्या यजमानांना, नंदकिशोरकाकांना बोलावून घेतलं. “काका, तुम्ही काकूंच्या मागं, एक पायरी खाली उभं राहायचं.”

“मागं? अगं, मी तर नेहमी पुढं...”

“कळलं का आता?” काकू फणकारल्या आणि सरावाच्या लाकडी पायरीवर त्यांनी पाऊल ठेवलं. मग दुसरं. प्रत्येक पायरीवर वळून त्या काका आहेत ना ते पाहत होत्या, आणि काका प्रत्येक वेळी “आहे, आहे” म्हणत होते.

शनिवारी चहा पिताना प्रणितानं हे निनादला सांगितलं. नाव न घेता.

हातातला चहा विसरून तो तिच्याकडे पाहत राहिला. वाऱ्यानं तिच्या कपाळावर आलेली बट त्याला दिसत होती, आणि ती त्याला दिसतेय हे तिला दिसत होतं.

“मी हे फळ्यावर लिहितो,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही ते करून दाखवलंत.”

त्या दिवशी घरी जाताना प्रणितानं स्वतःशी स्पष्ट कबूल केलं. हा माणूस तिला आवडत होता. थोडाथोडका नाही, पुरता.

शेवटचा वर्ग संक्रांतीनंतर होता. जयपूरची संक्रांत म्हणजे सगळं शहर गच्चीवर आणि आभाळात पतंगच पतंग. निनाद हॉलमध्ये आला तोच उजवा हात पोटाशी धरून.

“पतंग?” प्रणितानं दारातच विचारलं.

“पतंग.”

“हात वर करा बघू.”

“अहो, काही होत नाही...”

सगळा वर्ग खो खो हसला. निनाद लाल झाला.

“सोमवारी क्लिनिकला या,” ती म्हणाली. “हा खांदा मी सोडवते.”

त्याचा चेहरा का कोण जाणे, एकदम उतरला. “बघतो,” तो म्हणाला.

प्रमाणपत्रं वाटून झाली. निरोपाच्या गडबडीत तो तिच्याजवळ आला. “प्रणिता...” या वेळी ‘जी’ नव्हतं. तिनं वर पाहिलं. तेवढ्यात सतीश सेल्फी घ्यायला मध्ये घुसला आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. आठवडा सरता सरता सतीशचा फोन आला.

“मॅडम, एक गंमत सांगू? सर माझ्याकडे येतायत! खांद्यासाठी. रोज मशीन लावतोय.”

यातला अपमान फक्त फिजिओथेरपिस्टलाच कळेल. आपण स्वतः बोलावलेला माणूस दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन झोपतो, तेही सतीशच्या! एकतर निनादचा तिच्या हातांवर भरवसा नव्हता. किंवा मग... तिच्या मनातलं त्यानं ओळखलं होतं आणि तो सभ्यपणे बाजूला झाला होता. हे दुसरं फार दुखत होतं. पण काकूंच्या बाबतीतही तिनं असाच घरबसल्या अंदाज बांधला होता आणि तो साफ चुकला होता. तिनं ओढणी उचलली आणि थेट जवाहर नगर गाठलं.

सकाळपासून इथली मावठ पडत होती. थंडीतला तो बारीक, चिवट पाऊस. सतीशच्या क्लिनिकच्या काचेवर थेंब साचले होते.

“या या मॅडम!” सतीश दारात आला. “सरांना बघायला आलात?”

“भांडायला.”

“माझ्याशी?”

“तुझा नंबर नंतर. त्यांना बाहेर पाठव.”

निनाद बाहेर आला. दोघं पत्र्याच्या वळचणीखाली उभे राहिले.

“माझ्या हातांवर भरवसा नाही तुमचा?”

“आहे. या शहरात सगळ्यात जास्त.”

“मग?”

तो गप्प. तीही गप्प राहिली. रस्त्यावरून एक भाजीवाला भिजत गेला. मटारची गाडी दिसेनाशी झाली तरी दोघं तसेच.

“तुमच्या आणि माझ्या, दोन्ही धंद्यांत एक नियम सारखाच आहे,” तो शेवटी म्हणाला. “आपल्या पेशंटशी... मतलब, ज्याला आपण बरं करतोय, त्याच्याशी असल्या गोष्टी बोलायच्या नाहीत. विद्यार्थिनीशीही नाही. म्हणून कोर्स संपायची वाट पाहिली. शेवटच्या शनिवारी बोलणारच होतो. तर तुम्ही दारातच म्हणालात, क्लिनिकला या.” त्यानं चष्मा पुसला, तो आणखीच ओला झाला. “आलो असतो तर तुमचा पेशंट झालो असतो. असा खांदा सुटायला महिने लागतात ना? इतके महिने गप्प राहणं... मला जमलं नसतं.”

प्रणिता त्याच्याकडे पाहतच राहिली.

“म्हणून तुम्ही खांदा सतीशला दिलात?”

“हो.”

“सतीशला?”

“तो मन लावून करतो हो,” निनाद म्हणाला. “दुखतं थोडं.”

तिचा हात वर आला. एकदा चाचपलं असतं तर नेमका कुठला स्नायू आखडलाय ते तिला तिथल्या तिथं कळलं असतं. बोटं त्याच्या स्वेटरपर्यंत पोचली... आणि तिनं ती मागं घेतली. मग खाली नेऊन त्याचा डावा, धडधाकट हात धरला. तो थंडगार होता.

“नियम सांगून झाला,” ती म्हणाली. “जे बोलायचं होतं, ते अजून राहिलंय.”

“मला तुम्ही... तू आवडतेस, प्रणिता. पहिल्या दिवसापासून. रस्त्यात ओरडलीस तेव्हापासून.”

“मला थोडा वेळ लागला. दुसऱ्या शनिवारपर्यंत.”

“काय झालं होतं दुसऱ्या शनिवारी?”

“सांगेन कधीतरी. इतक्यात डोक्यावर चढवायचं नाही तुला.”

तो हसला आणि तिचा हात त्यानं घट्ट धरला. मावठीचा पाऊस वाऱ्यानं आत येत होता. दोघांपैकी कुणीच मागं सरकलं नाही.

दार किलकिलं झालं. सतीशनं अर्धं डोकं बाहेर काढलं, दोन हात एकमेकांत पाहिले आणि घसा खाकरला.

“सर, व्यायाम राहिलेत अजून. आणि मॅडम... खरं सांगायचं तर मला या खांद्याचं जमत नाहीये. आलाच आहात, तर तुम्हीच बघता का?”

निनादनं घाबरून तिच्याकडे पाहिलं. प्रणिता तोंड उघडून थांबली. सतीशला सांगण्यासारख्या सूचना तिच्या जिभेवर रांग लावून उभ्या होत्या. त्या सगळ्या तिनं गिळल्या.

“नाही सतीश,” ती म्हणाली. “खांदा तुझा. बाकीचा माझा.”