फुटाण्याचं घड्याळ

कोल्हापूरच्या गंध-प्रयोगशाळेत त्या सकाळी एका आरोपीची चौकशी चालली होती. आरोपीचं नाव फुटाणा, वय पाच महिने, रंगही नावाला शोभेलसाच. चौकशी चालू असताना तो टेबलाखाली बसून डॉ. निसार मुजावरांच्या बुटाची नाडी सोडवत होता. स्वतःबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. घरात आणि इथे मिळून कामाचं काही करणारा आपण एकटेच, असं त्याचं स्वच्छ मत होतं.

फिर्यादी होत्या डॉ. सायली घोरपडे, प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांची लेक शर्वी दोन महिन्यांपूर्वी मंगळावर गेली, ती कायमचीच. जायच्या आधी दीड महिना तिनंच हे पिल्लू घरी आणलं, 'आईला सोबत' म्हणून. आता तिचे निरोप येत, चेहराही दिसे, पण वास काही येत नसे. सायलीताई पडल्या गंधशास्त्रज्ञ. त्यांनी लेकीचे न धुतलेले कपडे हवाबंद डब्यांत घालून कपाटात ठेवले. होते तेवढेच, नवे कुठून येणार?

आणि या पठ्ठ्यानं एकेक डबा कुरतडून फोडला. शर्वीची चप्पल पाण्याच्या पिंपात सापडली, उशीचा अभ्रा चिखलात. काल तिची ओढणी बागेतल्या गळक्या नळाखाली नेऊन ठेवलेली होती. सायलीताईंनी ती पिळली तेव्हा त्यांना त्या पिल्लाचा खरोखरीचा द्वेष वाटला. एक स्वेटर तेवढा उरला होता. म्हणून आज दुपारी फुटाण्याची रवानगी गडहिंग्लजला, निसारच्या भावाच्या मळ्यावर व्हायची होती. गाडी बारा वाजता येणार होती.

"जाण्याआधी त्याचा गंधपट्टा वाचून घेतो, मॅडम," त्यांचा जुना विद्यार्थी आणि आताचा सहायक निसार म्हणाला होता. घरी आल्या दिवसापासून हा पट्टा फुटाण्याच्या गळ्यात होता. नाकात शिरलेला प्रत्येक वास कुणाचा, किती, हे तो नोंदवून ठेवी. ते वाचायला मात्र आजवर कुणाला सवड झाली नव्हती. आता पडद्यावर रेषा उमटल्या.

"ही शर्वीची रेषा, ती इथे असतानाची," निसार म्हणाला. "सकाळी नऊला ती प्रशिक्षणाला जायची. तिथून रेषा उतरते. संध्याकाळी सहाला इतकी खाली येते, आणि हा उठून दारात बसतो. रोज."

"वेळ कळते त्याला?"

"वेळच हुंगतो तो. माणूस गेला की वास विरत जातो. किती विरला, त्यावरून किती वेळ झाला ते त्याला समजतं. इतका विरला की शर्वी येते, हा त्याचा नियम. ती जाईपर्यंत एकदाही चुकला नाही, मॅडम."

आता हे बोलणं फुटाण्याला कळलं असं कुणी समजू नये. तो नाडीची दुसरी गाठ बघत होता. पण खोलीत आपल्याला दोन माणसं आणि चार खुर्च्या दिसतात, तिथे त्याला सकाळी फरशी पुसून गेलेली बाई दिसते, परवाचा डबेवाला दिसतो, महिन्यापूर्वी खुर्चीत बसून घाबरलेला कुणी परीक्षार्थीही दिसतो. काल, परवा आणि आज त्याच्यापुढे एकदम उभे असतात. एवढंसं ओलं नाक, आणि त्यात केवढा काळ मावतो!

"मग माझे डबे?" सायलीताईंचा आवाज खाली आला.

"तुम्ही वास जपून ठेवलात. म्हणजे त्याच्या लेखी घड्याळ बंद पाडलंत. शर्वीची यायची वेळच तुम्ही होऊ देत नव्हतात."

"आणि हा ते धुऊन..."

"काटे पुढे ढकलतोय. पाण्यानं वास जातो, हे त्याचं त्यानंच शोधून काढलंय."

चाळीस वर्षांच्या अभ्यासात सायलीताईंना हे सुचलं नव्हतं. "पण माझी शालही पिंपात होती, निसार. बागकामाचे हातमोजेसुद्धा. मी तर कुठेच गेले नाही."

निसार घुटमळला. मग त्यानं आणखी दोन रेषा पुढे आणल्या.

"या दोन्ही तुमच्याच. एक उड्डाणाच्या दिवशी सकाळी संपते. दुसरी त्याच संध्याकाळी सुरू होते. दुःखानं माणसाच्या घामाचं रसायन पालटतं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आपल्याला वाटतं माणूस तोच. त्याला ही दोन माणसं वाटतात."

"म्हणजे त्या दिवशी घरातून दोघी गेल्या."

"हो, मॅडम. आणि तो दोघींचीही वाट बघतोय."

फुटाण्याची बाजू इतकी साधी होती. घरात हल्ली एक परकी बाई राहते. बिचारी वाईट नाही, जेवण वेळेवर घालते. पण फरशीवर फतकल मारून त्याचं पोट खाजवणारी ती दुसरी? ती शर्वीबरोबर गेली ती गेलीच. तिची शाल धुऊन झाली, हातमोजे धुऊन झाले, तरी तिचा पत्ता नाही.

सायलीताई खुर्चीतून उतरून फरशीवर बसल्या. आधी रडल्या, मग हातमोजे आठवून त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. "तुझ्या भावाला फोन कर," त्या म्हणाल्या. "गाडी नको म्हणावं. आणि तो स्वेटरही याला देऊन टाकू."

"तो धुऊन झाला आणि शर्वी आली नाही तर?"

"मग दोघं मिळून वाट बघू. इतके दिवस हा एकटाच बघत होता."

तेवढ्यात फुटाण्याचे कान उभे राहिले. कुठूनसा त्या दुसरीचा वास आला होता, अगदी पुसट, संध्याकाळी सहाला उरतो तितकाच. त्यानं नाडी सोडली, तडक दाराशी गेला आणि सायलीताईंकडे पाठ करून बाहेर बघत बसला. गेलेली माणसं दारातून येतात. फरशीवर बसलेली नसतात.

सायलीताईंनी ते पाहिलं. त्या आवाज न करता उठल्या, मागच्या दारानं बाहेर पडल्या, आणि उन्हात अनवाणी सबंध इमारतीला वळसा घालून, चकित झालेल्या पहारेकऱ्याचा सलाम घेत, पुढच्या दारातून आत आल्या.

फुटाण्यानं त्यांचा हात हुंगला. मग मनगट हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग त्यांचा पदर दातांत धरून तो गुरगुरत, जीव खाऊन ओढू लागला, कारण दोन महिने म्हणजे काही थोडाथोडका उशीर नव्हता.