हो म्हणणारं घर

शनिवारची सकाळ होती. हेमचंद्र जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि जुन्या टूथब्रशने टाइल्स घासत होते. कोमट पाणी आणि साधा साबण, बाकी काही नाही. व्हिनेगर अजिबात लावायचं नाही, जुन्या झिलईला ते सोसत नाही, असं कंत्राटदार हेर ब्रांडनर, म्हणजे ब्रांडनरसाहेब, यांनी बजावून ठेवलं होतं. घासता घासता काळपट थराखालून पिवळा रंग वर आला, मग निळा, मग त्या दोघांना वेढणारी हिरवी वेल. हेमचंद्रांनी ब्रश खाली ठेवला आणि नुसतं बघत बसले. कुणीतरी हे हाताने काढलं होतं. वेलीचं एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं.

जर्मनीत, नेकारसुल्म गावाच्या बाहेर, द्राक्षमळ्यांच्या उतारावर हे घर उभं होतं. वाइनचा एक व्यापारी तरुणपणी स्पेनमध्ये राहून आला आणि शंभर वर्षांपूर्वी त्याने ते हौसेने बांधलं. आजूबाजूला टोकदार छपरांची घरं, आणि मध्येच हे पांढऱ्या भिंतींचं, गोल कौलांचं, लोखंडी जाळ्यांच्या खिडक्यांचं. आत चारी बाजूंनी कमानी आणि मधोमध उघडं अंगण. पुढे कुणा मालकाने आतल्या भिंतींवर तपकिरी लाकडी फळ्या ठोकल्या, छत खाली आणलं, जमिनीवर लिनोलियम चिकटवलं. सुरेख पैठणीवर गोणपाट पांघरावं, तसं. घर डेंकमाल होतं, म्हणजे जुनी वास्तू म्हणून सरकारने जपायला सांगितलेलं. बाहेरचं एक कौल बदलायचं तरी त्या खात्याच्या ऑफिसची परवानगी लागे. पण आतलं गोणपाट काढायला ऑफिसने आनंदाने होकार दिला होता.

घर विकत घेतलं होतं त्यांच्या मुलाने, कपिलने. तो आणि त्याची बायको निशिगंधा, दोघंही इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आयुष्यभर सांगलीच्या शाळेत गणित शिकवलेल्या हेमचंद्रांना या घराने पहिल्या दिवसापासून वेड लावलं होतं. कमानींची वर्तुळं ते वहीत काढून बघत आणि खुश होत.

एकच गोष्ट मनाला लागून होती. त्यांची नात दिया दुसरीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. आजोबांना ती ओपा म्हणायची. व्हिसा संपत आला होता. तिकडे सांगलीत शैलाताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नवऱ्याची वाट बघत थांबल्या होत्या. निघण्यापूर्वी नातीच्या तोंडून एक पूर्ण मराठी वाक्य ऐकायचं, एवढीच हेमचंद्रांची इच्छा होती.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणात वरणातसुद्धा धूळ लागत होती.

"हे घर एक दिवस आपल्याला खाऊन टाकणार," कपिल म्हणाला.

"अरे, घरात बसून असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"अहो बाबा, ही वास्तू स्पॅनिश, तीही जर्मनीत," निशिगंधा हसली. "तिला तथास्तु कुठून येणार?"

"आल्झो, आधी अर्ज करायचा, मग भेटीचा टेर्मिन मिळणार, मग तथास्तु," कपिल म्हणाला.

"वास इस्त तथास्तु, ओपा?" दियाने विचारलं.

हेमचंद्रांनी चमचा खाली ठेवला. शिकवायची संधी ते कधी सोडत नसत. घर सगळं ऐकत असतं, त्यांनी सांगितलं, आणि आपण जे बोलू त्याला हळूच 'होऊ दे' म्हणतं. म्हणून घरात चांगलं बोलावं, चांगलं मागावं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने, मास्तर लोक मारतात तशी एक थाप त्यांनी मारली.

"पण मागायचं मराठीत, बरं का. याला फक्त मराठी कळतं."

दिया खुर्चीवरून उतरली. समोरच्या तपकिरी फळीला तिने तोंड लावलं.

"इथे," ती अडखळली, "खिडकी हवी."

रात्री झोपेपर्यंत हेमचंद्रांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही.

सोमवारी हेर ब्रांडनर यांनी स्वयंपाकघरातल्या फळ्या उतरवल्या. नेमक्या त्या जागी विटांनी बुजवलेली खिडकी होती. तिच्या कठड्याला निळ्या-पांढऱ्या टाइल्स होत्या. "श्योन," ब्रांडनर पुटपुटले, "झेअर श्योन." सुंदर, फारच सुंदर. विटा काढल्यावर सकाळचं ऊन आत आलं आणि सगळी खोली उंच झाल्यासारखी वाटली. हेमचंद्रांना नवल वाटलं नाही. पूर्वेची भिंत, खाली मळे; शहाणा माणूस तिथेच खिडकी ठेवणार.

आता तो त्यांचा रोजचा तास झाला. शाळेतून आली की दिया आजोबांचं बोट धरून एखाद्या खोलीत जायची. हेमचंद्र विचारायचे, "इथे काय असावं?" ती शब्द शोधायची, ते धीराने थांबायचे. चुकलं तर पुन्हा.

दिवाणखान्यात ती म्हणाली, "झोपाळा हवा. मोठा."

खालचं छत निघालं, तेव्हा मूळच्या तुळईत दोन लोखंडी कड्या होत्या. कपिल टाळ्या वाजवत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! बाबा, तुमची नात आर्किटेक्ट होणार." कड्या दिव्यांच्या असतील, असं हेमचंद्र म्हणाले. नंतर ते शिडीवर चढले. दोन्ही कड्या आतल्या बाजूने गुळगुळीत झिजल्या होत्या. टांगलेल्या दिव्याने लोखंड तसं झिजत नाही. ते खाली उतरले आणि या गोष्टीचा विचार करायचं त्यांनी पुढे ढकललं.

मग मासा.

जेवणाच्या खोलीत दियाने लिनोलियमवर खडूने मासा काढला. ती काढते तसा, दात दाखवून हसणारा, शेपटीला गाठ मारलेला. "इथे असा मासा हवा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी लिनोलियम सोलून निघालं. खाली अतिशय देखणी फरशी होती, अष्टकोनांची आणि मधल्या छोट्या चौकोनांची, एका मापाची, दूरवर सरळ गेलेली. खिडकीजवळच्या एकाच अष्टकोनात निळा मासा होता. तो दात दाखवून हसत होता. त्याच्या शेपटीला गाठ होती.

निशिगंधाने फोटो काढले. "किती गोड! या लोकांना विनोदबुद्धी होती."

हेमचंद्र गुडघ्यावर बसले. झिलईवर बारीक तडे होते, जुन्या झिलईवर पडतात तसे. त्यांनी बोट फिरवलं. तडे खरे होते.

"दिया," ते म्हणाले, "हा खेळ आता पुरे."

"का पुरे?" ती म्हणाली. "ते सगळं ऐकतात ना आपलं."

हेमचंद्र थक्क झाले. एक नाही, दोन वाक्यं, स्वच्छ, कुठेही न अडखळता. आनंदाने त्यांना गलबलून आलं. ते म्हणजे कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर दिया खूप बोलू लागली. पण माणसांशी नाही. जिन्याखालच्या शेवटच्या तपकिरी फळीला कान लावून बसायची, बोलायची, थांबायची, मान डोलवायची. माणसांशी जर्मन, फळीशी मराठी.

एका दुपारी हेमचंद्र जिन्यावर थबकले.

"आजोबांना बसायला कोनाडा हवा," ती सांगत होती. "छान, फरश्यांचा. मग ते जाणार नाहीत."

आजोबा. ओपा नाही. हेमचंद्रांनी डोळे पुसले. मग त्यांच्या लक्षात आलं की कोनाडा हा शब्द त्यांनी तिला शिकवलेला नाही. त्यांनी निशिगंधाला विचारलं.

"मी? अहो, मी फ्लॅटमध्ये वाढले. कोनाडा म्हणजे नेमकं काय, हे मलाच धड माहीत नाही."

त्यांनी सांगलीला फोन लावला. "शैला, दिया मराठी बोलते. आजोबा म्हणाली मला."

"झालं ना मनासारखं?" शैलाताई पलीकडून म्हणाल्या. "मग आता या. टीव्हीवरची माणसं ओळखू येईनाशी झालीत मला."

निघण्याच्या आदल्या दिवशी ती शेवटची फळी उतरली.

मागे एक कोनाडा होता, माणूस आरामात बसेल एवढा. आतून सगळा फरश्यांनी मढवलेला, पिवळा, निळा, हिरवा, मागच्या भिंतीवर संत्र्याचं झाड, फळांनी लगडलेलं. सगळ्या घरात इतकं सुंदर काम दुसरं नव्हतं. कपिल वाकवाकून एकेक फळ बघत होता.

हेर ब्रांडनर मात्र कपाळाला आठ्या घालून नकाशा बघत होते. ऑफिसच्या नकाशात इथे भरीव भिंत होती. फळीमागे विटांचा एक पातळ पडदा होता, तो त्यांनी स्वतः फोडला होता. त्याचा एक तुकडा त्यांनी हेमचंद्रांना दाखवला. गवंडी काम संपवताना विटांमधला चुना थापीने साफ करतो, तो ज्या बाजूला उभा असतो त्या बाजूने. या विटांवरचा चुना साफ केलेला होता तो आतल्या बाजूने.

"कोमिश," ब्रांडनर म्हणाले. विचित्र आहे. मग खांदे उडवून ते हात धुवायला गेले.

हेमचंद्र बसून बघायला म्हणून आत बसले. पाठ नीट टेकली. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे, कुठेही बसलं तरी पाय पुढे पसरावा लागे. इथे डाव्या बाजूला बैठक उतरती केलेली होती. फक्त डाव्या बाजूला. पाय सहज, सुखाने पसरला.

ते चटकन उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅगा गाडीत गेल्या. विमान संध्याकाळचं होतं. बूट घालायला हेमचंद्रांना बसायला हवं होतं. खुर्च्या सगळ्या प्लास्टिकखाली झाकलेल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग स्वतःवरच हसले. एवढं गणित शिकवलेला माणूस मी, आणि एका बैठकीला घाबरतो? ते कोनाड्यात बसले.

आत गार होतं. अंगणातलं ऊन कमानीतून येऊन संत्र्यांवर पडलं होतं. प्रत्येक फळाला वेगळी छटा होती. त्यांनी तळवा फिरवला. किती जीव ओतून केलंय, त्यांना वाटलं.

दिया समोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, आवडलं?"

"खूप आवडलं, बाळा."

"मग बसा."

"अगं, विमान चुकेल ना माझं."

"नाही चुकणार," ती समजावत म्हणाली. "ते तुमच्याशिवाय जाईल."

हेमचंद्र हसले आणि डाव्या बुटाची नाडी बांधायला वाकले.

वर पाहिलं तेव्हा सगळं तसंच होतं. ऊन, अंगण, दिया.

"बाबा!" कपिल दारातून ओरडला. "चला, गाडी सुरू केलीय."

"आलो रे."

स्वतःचा आवाज त्यांना फार जवळून ऐकू आला. गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा.

"दिया, आजोबा कुठे आहेत?"

"इथेच आहेत," दिया म्हणाली.

कपिल जागच्या जागी थांबला. मग धावत येऊन त्याने तिला उचललं. "निशी! ऐकलंस? मराठीत बोलली ही माझ्याशी! बाबा, ऐकलंत का?"

"ऐकलं," हेमचंद्र म्हणाले.

निशिगंधा आली. तिने दियाचे मुके घेतले. कपिलने वर जिन्याकडे हाक मारली, मग अंगणाकडे. "बाबा?"

"अरे, हा काय मी."

कपिल वळला. दियाला कडेवर घेऊन तो सरळ त्यांच्यापुढे आला. हातभर अंतरावर उभा राहिला. त्याची नजर त्यांच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, हनुवटीवरून सावकाश फिरली आणि कुठेच थांबली नाही.

त्याने हात वर केला. हेमचंद्रांच्या नाकासमोर त्याचा तळवा सपाट होऊन वरून खाली सरकला, मायेने, एखाद्या सुंदर वस्तूवरून फिरवावा तसा.

"निशी, हे फरश्यांचं काम बघ काय केलंय," तो म्हणाला. "सांधा कुठे दिसतच नाही."