गुरुवारचा केसपेपर

झोप लागत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखाली निदान थोडं तरी काळं दिसावं, असं महादेवीला वाटलं. समोर बसलेला शिवलिंगप्पा हत्तुरे मात्र नुकतीच दुपारची झोप काढून आल्यासारखा ताजा दिसत होता... आणि तक्रार सांगताना सारखा तिच्याकडेच बघत होता.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"झोप न लागण्याला."

"हां, ते... झाला असेल की महिना."

महादेवीने पेन खाली ठेवलं. धारवाडला मानसशास्त्र, मग बंगळूरला दोन वर्षं मनोरुग्णांमध्ये काम, आणि सोलापूरच्या या इस्पितळात आल्याला आता दीड वर्ष. तरी लोक तिच्याकडे इंजेक्शनच मागत. बाहेर बसणारी केराबाई आया तर येईल त्याला सांगे, "बाई लई शिकल्यात, पण औषध काय देत न्हाईत."

औषध ती देतच नसे. एक प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. ती शांतता माणसाला फार वेळ सोसवत नाही. मग तो खरं बोलतो.

शिवलिंगप्पाला ती दोन गुरुवार सोसवली. तो हसला, पंख्याबद्दल बोलला, तिच्या साडीचा रंग छान आहे म्हणाला. तिसऱ्या गुरुवारी मात्र खाली बघत म्हणाला, "कंबर तलावाकडून मी जात नाही. धाकटा भाऊ तिथं बुडाला... आठ वर्षं झाली. आडत दुकानाला जाताना लांबचा वळसा घालतो. घरात कुणाला ठाऊक नाही."

महादेवीने त्याला रोजचा अभ्यास दिला : तळ्याच्या दिशेने जायचं, भीती वाटेल तिथं थांबायचं, ती ओसरली की परतायचं. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे.

शनिवारी संध्याकाळी घरी अव्वाने, तिच्या आईने, तिच्यापुढे एक फोटो ठेवला. "उद्या बघायला येणार आहेत. लग्नानंतर नोकरी करू देतो म्हणणारं स्थळ दुसरं कुठं मिळतंय, सांग?"

फोटोत शिवलिंगप्पा होता. आणि तिला राग यायच्या आधी, क्षणभर, बरं वाटलं. याचाच तिला जास्त राग आला. डोकं दुखतंय असं सांगून तिने रविवार टाळला.

गुरुवारी तो आला.

"तुम्ही मला बघायला येत होतात," ती म्हणाली.

"हो. खाली मान घालून पोहे देणाऱ्या मुलीबद्दल काय कळतं? म्हटलं, काम करताना बघावी."

"केसपेपर काढून?"

"त्याशिवाय केराबाई आत सोडेना."

"आणि झोपेचं?"

"झोप मला लई चांगली लागते."

"तळ्याचं?"

तो गप्प झाला. या वेळी ती शांतता महादेवीला सोसवेना.

"ते खरं आहे," तो म्हणाला.

"कमाल आहे तुमची. सगळंच खोटं असतं तर तुम्हाला हाकलून तरी देता आलं असतं. आता तुम्ही माझे पेशंट झालात. मी त्यांची कुणी नसते, म्हणून तर माणसं माझ्याशी बोलतात. पेशंटशी लग्न करता येत नाही."

"मग तळ्याचंही खोटं समजा की."

"काल कुठवर गेलात?"

"काठावरच्या पिंपळापर्यंत. पाणी दिसलं... पळालो नाही."

"मग कसं समजू खोटं?"

तिने चिडूनच कागद ओढला आणि चिठ्ठी लिहिली. "मिरजेला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. तळ्याला पूर्ण फेरी मारता येईपर्यंत दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जायचं. आजपासून इथला केसपेपर बंद. तिथं काय बोललात ते मी विचारणार नाही. लग्नानंतरही नाही."

चिठ्ठीकडे नेलेला हात त्याने मध्येच थांबवला.

"...लग्नानंतर?"

"तुमचं लक्ष नेमकं भलतीकडेच असतं."

"नीट ऐकायला तुमच्याकडूनच शिकलो." चिठ्ठी घेताना त्याच्या बोटांनी जरा जास्तच वेळ लावला. "मग रविवारी येऊ घरी?"

"फेरी पूर्ण झाल्यावर या."

"सहा महिने लागतील."

"लागू देत." तिने चष्मा काढून उगाचच पुसला. "तोवर दुसरं स्थळ बघू नको म्हणून अव्वाला मी सांगते."